पडदा आणि पाऊल

माणूस चालत आहे एवढें दाखविणें ही चित्रपटांतील सर्वांत सोपी गोष्ट असावी, अशी आमची गेल्या वर्षापर्यंत समजूत होती. लढाई, आग, पूर इत्यादि देखावे कसे उभे करीत असतील याचें कुतूहल आम्हांस पुष्कळदां वाटलें. पण पडद्यावर कोणी नुसता चालत गेला तर त्याच्या पायांकडे आम्ही कधीं पाहिलेंहि नव्हतें. ही समजूत आमच्याच महाविद्यालयांतील चार विद्यार्थ्यांनीं आठ मीटर हिरव्या कापडाच्या साहाय्यानें दूर केली. इतिहास शिकविण्यांत ज्यांचीं तीस वर्षें गेलीं त्यांस विद्यार्थ्यांकडून शिकण्यांत कमीपणा वाटूं नये. शिवाय त्या कापडापायीं आम्ही ज्या जुन्या हकीकतींच्या मागें लागलों, त्या वाचकांसहि मनोरंजक वाटतील अशी आशा आहे.

प्रसंग असा घडला. आमच्या वर्गांतील एका मुलीची आजी पंचवीस वर्षें आळंदीहून पंढरपुरास माउलींच्या पालखीबरोबर पायीं जात असे. पुढें गुडघ्यांनीं दगा दिला, तीन वर्षें वारी चुकली आणि डोक्यावरचें तुळशीवृंदावन घरच्या कोनाड्यांत जाऊन बसलें. मुलांना स्नेहसंमेलनासाठीं दहा मिनिटांचा लघुपट करावयाचा होता. नातीच्या मनांत आलें कीं, आजीला पुन्हां एकदां दिवे घाट चढतांना दाखवावें. घाटाचीं चित्रें तिनें आषाढांत स्वतः जाऊन मोबाइलवर घेतलीं होतीं. आतां आजीला महाविद्यालयाच्या सभागृहांत हिरव्या कापडापुढें चालवावयाचें आणि ती आकृति उचलून घाटांत नेऊन ठेवावयाची, एवढेंच काय तें बाकी होतें. यास मुलें 'ग्रीन स्क्रीन' म्हणतात. युक्ति समजावयास कठीण नाहीं. संगणकास सांगावयाचें कीं, जेथें जेथें हा हिरवा रंग सांपडेल तेथें तेथें चित्रास भोंक पाड आणि त्यांतून मागचें दुसरें चित्र दिसूं दे. वर्गणी जमली ती इतकी बेताची कीं, तींत कापड, भाड्याचे दोन दिवे आणि सर्वांचा वडापाव एवढ्यानेंच तळ गांठला. इतिहासाचा विषय म्हणून आम्हांस मार्गदर्शक नेमण्यांत आलें होतें. म्हणजे आम्हांस एक खुर्ची देण्यांत आली होती.

आजीबाई जरीकांठी नऊवारी नेसून, डोक्यावर वृंदावन घेऊन आल्या. एका वेळीं दहा पावलें चालत, मग स्टुलावर बसून गुडघा चोळीत, पुन्हां उठत. दोन तासांनीं मुलांनीं संगणकावर तीं चित्रें जोडलीं आणि आम्ही सर्व भोंवतीं जमलों. वृंदावन होतें, पण तुळस नव्हती. त्याहून वाईट प्रकार हातांचा झाला होता. आजीबाईंच्या मनगटांत हिरवा चुडा. संगणकानें तो इमानानें पुसून टाकला होता, आणि हात व कोंपर यांमध्यें फट पडून तींतून घाटांतला रस्ता दिसत होता. मुलें हांसलीं. आजीबाई मात्र हांसल्या नाहींत. "माझा चुडा कुठं गेला गं?" त्या नातीला म्हणाल्या, "तुझे आजोबा घरीं बसलेत अजून." मग मुलेंहि गप्प झालीं. त्या दिवशींचें काम तेथेंच थांबलें.

कापड हिरवेंच कां, असें आम्ही दुसऱ्या दिवशीं विचारलें, तेव्हां "सगळे तेंच वापरतात" याखेरीज उत्तर मिळालें नाहीं. असलें उत्तर ऐकून स्वस्थ बसणें इतिहासाच्या शिक्षकास शोभत नाहीं. म्हणून आम्ही शोध करूं लागलों, आणि शोध करतां करतां पार 1873 सालापर्यंत मागें गेलों. कारण चालणाऱ्या मनुष्यास त्याच्या भोंवतालापासून सोडविण्याची धडपड चित्रपटाच्या जन्माहूनहि जुनी आहे.

पॅरिसच्या कॉलेज द फ्रान्समध्यें एत्येन-झ्यूल मारे नांवाचे शरीरशास्त्रज्ञ होते. जन्म 1830, मृत्यु 1904. प्राण्यांच्या हालचाली कागदावर रेघेच्या रूपानें उतरवून घेण्याचा त्यांस छंद होता. नाडीचे ठोके, पाखरांच्या पंखांची फडफड, घोड्याच्या टापा, कांहींच त्यांनीं सोडलें नाहीं. 1873 सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथांत एका विलक्षण बुटाचें वर्णन आहे. त्याच्या जाड रबरी तळव्यांत हवेची पोकळी ठेविलेली असे. पाऊल जमिनीवर दाबलें गेलें म्हणजे ती हवा नळीवाटें वर येई, आणि चालणारानेंच हातांत धरलेल्या लहानशा यंत्रावर एक रेघ उंचावे. पाऊल उचललें कीं रेघ खालीं येई. म्हणजे मनुष्याचें चित्र नाहीं, रस्ता नाहीं, नुसता पायाचा आणि भूमीचा संवाद कागदावर उतरलेला. मारे यांस चालण्याचें मर्म पावलांत आहे हें बरोबर दिसलें होतें. आमच्या मुलांस तें दिसावयास दीडशें वर्षें आणि एक आजी लागली.

पुढें 1882 सालीं सरकार व पॅरिस शहर यांच्या मदतीनें बुलोञच्या वनाजवळ मारे यांचें प्रयोगस्थान उभें राहिलें. तेथें त्यांनीं एक दालन आंतून काळें करून घेतलें, त्याच्या पाठीमागें काळी मखमल लावली, आणि पांढरा पोषाख केलेला मनुष्य त्यापुढून उन्हांत चालविला. कॅमेऱ्याची कांच एकच, पण तिच्यासमोर भोंकें पाडलेली तबकडी फिरे. त्यामुळें एकाच कांचेवर त्या मनुष्याच्या आकृति ओळीनें उमटत. मागें भिंत, झाड, आकाश असें कांहीं उजळ असतें तर पहिल्या क्षणींच कांच भरून गेली असती. काळोख मात्र कांचेवर कांहींच लिहीत नाहीं. तो पुढील पावलासाठीं जागा मोकळी ठेवितो. आमच्या समजुतीप्रमाणें हिरव्या पडद्याचा खरा पूर्वज हाच.

परंतु एक अडचण उरली. चालणारा सावकाश चालला म्हणजे आकृति एकमेकींवर चढत आणि कोणता पाय कोणाचा तें ओळखूं येईना. तेव्हां 1883 सालीं मारे यांनीं उलटा उपाय केला: मनुष्यासहि काळे कपडे चढविले, आणि हातापायांच्या हाडांवरून तेवढ्या चकाकत्या पट्ट्या व सांध्यांवर ठिपके लाविले. कांचेवर आतां मनुष्यहि उमटला नाहीं. उमटल्या त्या रेघा, वाऱ्यानें कललेल्या गवताच्या पात्यांसारख्या. भोंवताल गेला, माणूस गेला, चालणें तेवढें राहिलें. शास्त्रास यापेक्षां अधिक काय हवें? पण चित्रपटास याच्या नेमकें उलट हवें असतें. चालणाऱ्यास एका ठिकाणाहून सोडवून त्यास दुसऱ्या ठिकाणीं असें वसवावयाचें कीं, तो तेथलाच वाटावा. सोडविणें सोपें, वसविणें कठीण. आणि पुढील साठ-सत्तर वर्षांच्या खटपटींत सोडविण्याच्याच कामावर सर्वांनीं बुद्धि खर्चलेली दिसते.

ज्यॉर्ज मेल्येस हे जादूगार होते, आणि योगायोग असा कीं चांभारीच्या मोठ्या कारखानदाराचे चिरंजीव होते. 1898 सालच्या एका फितींत ते आपलें डोकें उपटून टेबलावर ठेवितात, दुसरें उगवतें, तेंहि उपटतात. यामागें पुन्हां तोच काळा पडदा आणि एकाच फितीवर अनेक वेळां घेतलेलीं चित्रें. 1901 सालीं त्यांनीं भात्यानें फुगत जाणारें डोकें दाखविलें. डोकें मोठें व्हावयाचें म्हणजे तें कॅमेऱ्याच्या जवळ जावयास हवें. चालत जावें तर प्रत्येक पावलागणिक डोकें वरखालीं होणार आणि सोंग उघडें पडणार. तेव्हां मेल्येस एका उतरणीवरील गाडींत बसले आणि स्वतःस कॅमेऱ्याकडे ओढवून घेतलें. पावलावर विश्वास न ठेवण्याचा शहाणपणा त्यांस प्रथमपासून होता. जोड्यांच्या कारखान्यांतच तो आला असावा!

आपले दादासाहेब फाळके हेहि जादूचे प्रयोग करीत, आणि त्यासाठीं 'केळफा' असें आपलें आडनांव उलटें करून सांगत. 1912 सालीं भांडवल मिळविण्यासाठीं त्यांनीं जी फीत घेऊन दाखविली तींत कुंडींतलें वाटाण्याचें रोप डोळ्यांदेखत वाढत होतें. रोज थोडें थोडें चित्र घ्यावयाचें, एवढाच खर्च. जवळ पैसा नसतां काय दाखवावें याची निवड कशी करावी, हें त्या वाटाण्यावरून शिकण्यासारखें आहे. रोपास पाय नसतात, हा एक फायदा.

काळ्या पडद्यास खरा पाय फुटला तो अमेरिकेंत. फ्रँक विल्यम्स नांवाच्या छायाचित्रकारानें 1918 सालीं एक पेटंट मिळविलें. काळ्या पडद्यापुढें नटाचें चित्र घ्यावयाचें. त्यावरून अतिशय भडक प्रती काढीत जावयाचें, इतक्या कीं शेवटीं नटाची नुसती काळी सावली आणि भोंवतीं स्वच्छ फीत एवढेंच उरावें. ही सावली नटाबरोबर हालते, म्हणून तीस 'ट्रॅव्हलिंग मॅट' म्हणूं लागले. आपण चालतें झांकण म्हणूं. मागील देखावा छापतांना हें झांकण वर ठेवलें म्हणजे नटाच्या आकाराची जागा कोरी राहते, आणि त्या कोऱ्या जागेंत नट बरोबर बसतो. संगणक आज क्षणांत जें करतो तेंच हें, फक्त रसायनांनीं आणि हातांनीं.

या पद्धतीनें घेतलेलें चालण्याचें एक चित्र आम्हीं अलीकडे मुद्दाम तीन वेळां पाहिलें. जर्मन दिग्दर्शक मुर्नाउ यांनीं हॉलिवुडांत केलेला 'सनराइज' हा 1927 सालचा मूकपट. खेड्यांतला एक शेतकरी परस्त्रीच्या नादीं लागून बायकोस बुडवून मारावयास निघालेला असतो. हात धजत नाहीं. पुढें शहरांतल्या चर्चमध्यें परक्यांचें लग्न पाहून त्यास रडूं कोसळतें आणि ती त्यास क्षमा करते. तेथून दोघें एकमेकांस बिलगून रस्त्यावर येतात आणि भर रहदारींतून, मोटारी अंगावरून जात असतां, कांहींएक न पाहतां चालत राहतात. पाहतां पाहतां रस्ता विरघळतो आणि तीं फुललेल्या रानांतून चालूं लागतात. चुंबनासाठीं थांबतात तों रान नाहींसें होऊन भोंवतीं अडलेल्या गाड्यांचा कल्लोळ. येथें जोड थोडा जाणवतो, तीं दोघें त्या रस्त्यावर पूर्णपणें उभीं आहेत असें वाटत नाहीं; आणि गंमत अशी कीं तें वाटूं नये हेंच कथेस हवें आहे. त्यांचे पाय त्या घटकेस जमिनीवर नाहींतच. युक्तीचें व्यंग कथेच्या पथ्यावर पडलेलें आम्हांस तरी दुसरें इतकें सुंदर उदाहरण ठाऊक नाहीं.

याच्या उलट उदाहरण 1933 सालच्या 'द इन्व्हिजिबल मॅन' या बोलपटांतलें. जॉन फुल्टन यांनीं नटास नखशिखांत काळ्या मखमलीनें मढविलें, वर कपडे घातले आणि काळ्या मखमलीपुढें चालविलें; पडद्यावर मनुष्यावांचून नुसते कपडे चालले. येथवर सर्व उत्तम. शेवटीं मात्र अदृश्य मनुष्य पोलिसांपासून पळतो आणि बर्फावर त्याचीं पावलें एकामागून एक उमटत जातात. त्यासाठीं पावलांच्या आकाराचीं भोंकें पाडलेल्या फळ्यांवर कृत्रिम बर्फ पसरलें होतें आणि भोंकांचीं झांकणें खालून एकेक काढून घेत होते. आतां अदृश्य व्हावयाचें तर तो उघडा, म्हणजे अनवाणी असला पाहिजे. आणि बर्फावर उमटलेले ठसे आहेत बुटांचे! सबंध मनुष्य नाहींसा करणाऱ्या कारागिरांस त्याच्या पायांतल्या बुटाची आठवण राहूं नये, यांस काय म्हणावें?

या बोलपटाची छाया मुंबईवरहि पडली. विजय भट्ट यांनीं 1937 सालीं प्रकाश पिक्चर्सतर्फे 'ख्वाब की दुनिया' काढला, तेव्हां त्यांतील करामती बाबुभाई मिस्त्री या विशीच्या आंतील तरुणानें केल्या. काळ्या पार्श्वभूमीवर काळा दोरा दिसत नाहीं, इतक्या साध्या गोष्टीवर त्यानें वस्तु आपोआप हालविल्या आणि 'काला धागा' हें टोपणनांव मिळविलें. मखमलीचें दालन नव्हतें तेथें दोऱ्यानें काम भागविलें. आमच्या मुलांस ही हकीकत सांगितली तेव्हां त्यांच्या चेहऱ्यांवर पहिल्यानेंच थोडा तजेला आला.

आतां रंगाचें. काळ्या पडद्यांत मोठें वैगुण्य असें कीं, माणसाचे केंस, सावल्या, कपड्यांच्या चुण्या याहि काळ्याच. त्या सर्वांस भोंकें पडतात. रंगीत चित्रपट आल्यावर उपाय सुचला: मनुष्याच्या कातडींत जो रंग सर्वांत कमी, तो मागें लावावा. असा रंग निळा. 1940 सालच्या 'थीफ ऑफ बगदाद'मध्यें लॅरी बटलर यांनीं निळ्या पडद्याचा मोठ्या प्रमाणावर उपयोग केला आणि त्याबद्दल ऑस्कर पारितोषिक मिळविलें. त्या चित्रांत राक्षसाच्या मानेवर बसून उडणारा पोर म्हणजे म्हैसूरच्या माहुताचा मुलगा साबू. 1964 सालच्या 'मेरी पॉपिन्स'साठीं पेट्रो व्लाहोस यांच्या पद्धतीनें पडद्यावर सोडियमच्या दिव्यांचा पिवळा प्रकाश पाडीत, आणि कॅमेऱ्यांतील लोलक तेवढा प्रकाश निराळ्या फितीवर वळवी. त्यामुळें टोपीवरची झिरझिरीत जाळीसुद्धां शाबूत राहिली. खर्चाच्या दृष्टीनें तें आमच्या गांवचें नव्हे.

हिरवा रंग आला तो कॅमेऱ्यांतून फीत गेली तेव्हां. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांनीं 1976 सालीं पेटंट घेतलेल्या रचनेप्रमाणें आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांचा डोळा घडविलेला असतो; त्यांतील निम्मीं घरें हिरव्याचीं, आणि उरलेल्या निम्म्यांत तांबडा व निळा यांची वाटणी. म्हणून हिरवा रंग यंत्रास सर्वांत स्पष्ट दिसतो आणि त्यास उजेडहि कमी पुरतो. 'सगळे तेंच वापरतात' याचें कारण एवढेंच. त्यांत दैवी कांहीं नाहीं, आणि जेथें बायका हिरवा चुडा भरतात व डोक्यावर तुळस घेतात, तेथें तें कारण पुरेसेंहि नाहीं. आम्ही मुलांस म्हटलें, निळें कापड आणा. मंडपवाल्यानें एक जुनी निळी कनात दिवसभरासाठीं फुकट दिली.

दुसऱ्या खेपेस चुडा राहिला, तुळस राहिली. कनातीच्या चुण्या ओढून काढल्या, दोन्ही दिवे कनातीकडेच वळविले, आजीबाईंस तिच्यापासून दहा फूट पुढें आणलें म्हणजे निळी झांक अंगावर पडत नाहीं, आणि त्यांच्यावर खिडकीचा उजेड घेतला. ढगाळ दिवसाच्या घाटांतल्या उजेडाशीं तो चांगला जुळला. पण पाय? पाय कांहीं केल्या घाटांत उतरेनात. त्यांस सावली नाहीं; पाऊल टेकलें असतां मागचा रस्ता सरकतो, म्हणून तें बर्फावर घसरल्यासारखें दिसतें; जमिनीवर पसरलेली कनात पायाखालीं गोळा होते. मोठ्या कंपन्या यासाठीं जमिनीवर ठिपके लावून कॅमेऱ्याच्या प्रत्येक हालचालीचा हिशेब ठेवितात. पूर्वीचे लोक फिरत्या पट्ट्यावर नटास चालवीत. आमच्या व्यायामशाळेंत तसा पट्टा आहे, परंतु सत्तरी उलटलेल्या बाईस त्यावर उभें करण्यास आम्हीं साफ नकार दिला. मार्गदर्शक म्हणून आमच्या हातून घडलेलें हें एकमेव काम.

शेवटीं मुलांनीं मेल्येसचा मार्ग धरला आणि पाय वगळले. आजीबाई कमरेपासून वर, किंचित् डोलत, जागच्या जागीं पाऊल उचलीत. आणि त्यांचीं खरीं पावलें निराळीं, महाविद्यालयामागच्या रस्त्यावर, खऱ्या उन्हांत, खऱ्या डांबरावर टिपलेलीं. एकदां वर, एकदां खालीं, असें जोडल्यावर पाहणाऱ्याचें मन मधला सांधा आपण होऊन भरून काढतें. आम्ही खरोखर फसलों. मुलांनीं टाळ्या वाजविल्या.

आजीबाईंनीं चष्मा पुसून तें दोनदां पाहिलें. "छान आहे," त्या म्हणाल्या, मग थोड्या वेळानें, "पण पावलं घाटांतलीं नाहींत. चढाला टांच अशी टेकत नाहीं, बाळ. चवड्यावर जोर येतो. हीं सपाटीवरचीं आहेत."

महाविद्यालयामागें एक लहान टेकडी आहे; तिच्यावर पाण्याच्या टाकीकडे जाणारा चढाचा रस्ता आहे. आजीबाईंस तो चढणें शक्य नव्हतें. पुढच्या रविवारीं सकाळीं नात आजीचें तेंच लुगडें नेसून तो चढ अनवाणी अकरा वेळां चढली, आणि मित्रानें कॅमेरा भुईसरसा धरून तिचीं पावलें टिपलीं. स्नेहसंमेलनांत दाखविलेल्या चित्रांत वरचा देह आजीचा आहे आणि खालचीं पावलें नातीचीं. टांचा कोवळ्या दिसूं नयेत म्हणून तिनें त्यांवर ओली माती चोळून वाळूं दिली होती.